पांढऱ्या रेघांचा मुलूख

फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागात गॅस्कनी या जुन्या प्रांताच्या मध्यभागी जेर्स नावाचा एक जिल्हा आहे. या जिल्ह्याचा नकाशा, आणि तोही मिशेलिन कंपनीने काढलेला, एका सेंटिमीटरास दोन किलोमीटर अशा प्रमाणाचा, ज्याने एकदा टेबलावर पसरून निवांतपणे पाहिला असेल, त्याच्या ध्यानात दोन गोष्टी आल्यावाचून राहत नाहीत. पहिली ही की, लाल रंगाने दाखवलेले हमरस्ते त्यात अगदी मोजके आहेत. आणि दुसरी ही की, पिवळ्या रंगाचे जिल्हारस्ते व त्यांहूनही बारीक अशा पांढऱ्या रेघांचे ग्रामरस्ते इतके दाट पसरले आहेत की, कोणत्याही दोन खेड्यांच्या दरम्यान जाण्यास तीनचार निरनिराळे मार्ग सहज सापडावेत. प्रत्यक्षात त्या पांढऱ्या रेघेवर सायकल घेऊन निघाले म्हणजे तिसरी गोष्ट कळते, आणि ती दाखवण्याची सोय नकाशात नाही. रस्ता अरुंद, जेमतेम एका मोटारीपुरता, पण पक्का, डांबरी, प्रत्येक फाट्यावर गावाच्या नावाची पाटी असलेला. आणि त्याच्यावर कोणीही नाही. अर्धा-अर्धा तास एकही वाहन दिसत नाही, आणि दिसलेच तर एखादा ट्रॅक्टर, किंवा टपाल वाटत फिरणारी पिवळी गाडी, एवढीच त्या वाटेवरची रहदारी.

जेथे माणसे नाहीत तेथे इतके रस्ते कशाला, आणि जेथे इतके रस्ते आहेत तेथून माणसे गेली कोठे, हा प्रश्न सायकलस्वारापुढे पहिल्याच दिवशी उभा राहतो. फ्रान्सच्या ग्रामभागाविषयी लिहिताना द्राक्षमळे, चर्चचे मनोरे आणि सूर्यफुलांची शेते यांचे वर्णन करून थांबण्याची रीत आहे. ती दृश्ये रमणीय आहेत यात शंका नाही. परंतु माझे मत असे की, तेथल्या शांततेचे मोल ज्याला पुरते जाणून घ्यायचे असेल त्याने आधी तिची कुळकथा ऐकावी. कारण अरण्यातल्या स्वयंभू निःशब्दतेशी तिचे काही नाते नाही, आणि ती घडली आहे दोन शतकांच्या राज्यकारभारातून व घरदार सोडून गेलेल्या माणसांच्या प्रस्थानातून.

राजेशाहीच्या काळी फ्रान्समध्ये नाव घेण्याजोगे रस्ते होते ते राजधानीचे. १७३८ साली सरकारने बहुतेक प्रांतांत वेठीची पद्धत लागू केली, आणि शेतकऱ्याने दर वर्षी ठरावीक दिवस आपली जनावरे, गाडी व अंगमेहनत घेऊन राजमार्गावर विनामोबदला राबावे असा हुकूम सुटला. त्या श्रमांतून रुंद, सरळ, दुतर्फा झाडी लावलेले राजमार्ग उभे राहिले, आणि परदेशी प्रवाशांनी त्यांची मुक्तकंठाने स्तुती केली. पण ज्यांच्या घामाने ते उभे राहिले, त्यांच्या स्वतःच्या खेड्यातून बाजारगावाला जाणारी वाट मात्र चिखलाचीच राहिली. तूर्गो या मंत्र्याने १७७६ साली वेठ बंद केली, तो पदच्युत होताच ती पुन्हा सुरू झाली, आणि १७८७ साली ती अखेर उठली. पुढे राज्यक्रांती झाली, १७९० साली जुने प्रांत मोडून नवे जिल्हे पाडण्यात आले, कारभाराची सारी घडी बदलली; तरी ग्रामरस्त्यांची दुरवस्था पालटण्यास आणखी जवळजवळ अर्धे शतक जावे लागले.

ती पालटली २१ मे १८३६ च्या कायद्याने. तेथील गावकारभाराचा सर्वांत लहान घटक म्हणजे कम्यून; तिला स्वतःचा निवडलेला नगराध्यक्ष असतो, मग वस्ती शंभर माणसांची का असेना. या कायद्याने प्रत्येक कम्यूनवर आपल्या हद्दीतले रस्ते राखण्याची सक्ती केली, आणि तिचे उत्पन्न तोकडे पडल्यास जादा कर बसवण्याची अथवा धडधाकट पुरुषांकडून व त्यांच्या गाड्याजनावरांकडून वर्षाकाठी तीन दिवसांपर्यंत काम घेण्याची मुभा दिली. ज्याला श्रम करायचे नसतील त्याने रोख रक्कम भरावी, अशीही तरतूद होती. कम्यूनने टाळाटाळ केली तर प्रीफेक्ट, म्हणजे जिल्ह्यातला सरकारचा प्रतिनिधी, परस्पर काम करवून खर्च वसूल करी. आणि आखणी व देखरेख यांसाठी खास अंमलदार नेमण्यात आले. जुनी वेठ आणि ही नवी सक्ती वरवर पाहता सारखीच दिसते. परंतु पहिल्या वेळी शेतकरी दुसऱ्याच्या रस्त्यावर राबत होता आणि आता स्वतःच्या रस्त्यावर राबू लागला, हा भेद मला फार महत्त्वाचा वाटतो. शेतावरून गावाला, गावातून गिरणीकडे, गिरणीवरून बाजारगावाला, अशा गरजेच्या रेषा खडी घालून पक्क्या होत गेल्या. आज फ्रान्समध्ये अकरा लाख किलोमीटरांच्या आसपास रस्ते आहेत. त्यांपैकी सुमारे ७,००,००० किलोमीटर कम्यूनांच्या आणि सुमारे ३,८०,००० किलोमीटर जिल्ह्यांच्या ताब्यात आहेत. द्रुतगती मार्ग व राष्ट्रीय हमरस्ते मिळून शेकडा दोनही भरत नाहीत, आणि लांबच्या रहदारीचा मोठा भार हे दोन टक्केच वाहतात. उरलेल्या अठ्ठ्याण्णव टक्क्यांत सायकलस्वाराचे राज्य आहे.

हे जाळे विणले गेले तेव्हा खेडी माणसांनी भरलेली होती. १८४६ साली जेर्स जिल्ह्याची लोकसंख्या तीन लाखांवर होती, आणि तेवढी ती पुन्हा कधीही झाली नाही. त्यानंतर रेल्वेने तरुणांना तूलूझ, बोर्दो आणि पॅरिसकडे नेले. फिलॉक्सेरा नावाच्या किडीने द्राक्षवेली वाळवल्या. गॅस्कनीच्या शेतकऱ्यांनी जमिनीचे तुकडे पडू नयेत म्हणून आधीपासूनच संतती कमी ठेवली होती. आणि मग १९१४ चे महायुद्ध आले. प्रत्येक खेड्यात, चर्चच्या किंवा पंचायतीच्या इमारतीसमोर, त्या युद्धात पडलेल्यांच्या नावांचा दगड उभा आहे, आणि ज्या गावात आज धड दुकान नाही त्या गावच्या दगडावरची नावे वाचताना, एकेका आडनावाखाली दोन-दोन, तीन-तीन भाऊ पाहताना, मन सुन्न होते. ओस पडलेली शेते कसायला १९२० नंतरच्या काळात इटलीतून कुटुंबे आली. पण पुढे ट्रॅक्टरने जे काम पूर्वी दहा माणसे करीत ते एकावर आणले. आज सव्वासहा हजार चौरस किलोमीटरांच्या या जिल्ह्यात एक लाख नव्वद हजारांच्या आसपास माणसे आणि साडेचारशेहून अधिक कम्यून आहेत. माणसे गेली, रस्ते राहिले, आणि रस्ते राखण्याचा कायदेशीर भारही राहिला. ज्या निर्जनतेत आपण आनंदाने सायकल चालवतो ती कोणाच्या तरी वियोगाची खूण आहे, हे ज्याने ओळखले त्याच्या आनंदात उणेपणा येत नाही. त्यात आदर मात्र मिसळतो.

आता भूमीकडे वळू. पिरेनीज पर्वताची लक्षावधी वर्षे झीज होऊन जो गाळ उत्तरेकडे वाहत आला त्याचे थर म्हणजे ही गॅस्कनीची भूमी. पर्वताच्या पायथ्याशी लानमझां नावाचे सुमारे सहाशे मीटर उंचीचे पठार आहे. त्यावरून साव, जिमोन, आरात्स, जेर्स, बाईज अशा अनेक नद्या निघतात आणि उघडलेल्या पंख्याच्या काड्यांप्रमाणे पसरत उत्तरेकडे गारॉन नदीला जाऊन मिळतात. दोन नद्यांच्या मध्ये एक लांबट डोंगरधार, पुन्हा नदी, पुन्हा धार. यामुळे दिशा निवडली की दिवसाचे स्वरूप निवडल्यासारखे होते. उत्तर-दक्षिण जाणारा मनुष्य खोऱ्यातून गेला तर रस्ता सपाट मिळतो, पण वाहनेही तेथेच असतात. धारेवरून गेला तर दोन्ही बाजूंची खोरी दिसतात आणि स्वच्छ दिवशी दक्षिणेला पिरेनीजची हिमाच्छादित रांग सबंध क्षितिजभर उभी राहते. या धारा-धारांवरून जाणाऱ्या वाटा फार पुरातन आहेत. तेनारेझ नावाच्या अशा एका वाटेविषयी तर अशी समजूत आहे की, गारॉनपासून पिरेनीजपर्यंत जाताना तिच्यावर एकही नदी ओलांडावी लागत नाही. हिवाळ्यात चाक रुतवणारी चिकणमाती ज्यांनी पाहिली असेल त्यांना या वाटा उंचावरून का गेल्या हे सांगावे लागणार नाही.

पूर्व-पश्चिम जाणाऱ्याची गोष्ट निराळी. त्याला प्रत्येक धार चढावी आणि प्रत्येक नदी ओलांडावी लागते. त्यातही एक मौज अशी की, येथील खोरी दोन्ही बाजूंनी सारखी नाहीत: नदीच्या डाव्या तीरावरचा, पूर्वेकडे तोंड असलेला उतार लांब व सौम्य असतो, आणि उजव्या तीरावरचा, पश्चिमाभिमुख उतार आखूड व उभा असतो. म्हणून पश्चिमेकडून पूर्वेस निघालेला सायकलस्वार दीर्घ उतारावरून सावकाश खाली येतो, पूल ओलांडतो, आणि लगेच त्याच्यापुढे भिंत उभी राहते. उलट दिशेने येणाऱ्यास मात्र चढ मवाळ आणि उतार कडक मिळतो. बाईज नदीवरच्या काँदों गावाहून ला रोमिअमार्गे लेक्तूरला जाणारा रस्ता याचे उत्तम उदाहरण आहे. ला रोमिअच्या चौदाव्या शतकातल्या भव्य चर्चवरून पुढे सरकत, गव्हाच्या, सूर्यफुलांच्या आणि लसणीच्या शेतांमधून वरखाली करत आपण जेर्स नदीपाशी उतरतो, आणि समोर, पात्राच्या सुमारे शंभर मीटर वर, कड्याच्या टोकावर लेक्तूरचा चर्चमनोरा दिसतो. तो दिसल्यापासून त्याच्या पायथ्याशी पोहोचेपर्यंतचा वेळ मोठा शिकवणारा असतो.

या प्रदेशात खरा घाट एकही नाही. बहुतेक चढ शंभर मीटरांच्या आत संपतात. पण दिवसभरात असे आठदहा चढ झाले की आल्प्समधल्या एखाद्या नामांकित घाटाएवढी उंची पायाखालून सहज निघून जाते, आणि ती कधी चढली याची नोंद शरीर रात्री करून देते. म्हणूनच गिअर हलके हवेत, सामान थोडे हवे, आणि मनाला घाई नको. मिशेलिनच्या नकाशात रस्त्याच्या रेघेवर बाणाच्या टोकासारख्या खुणा असतात: एक खूण असली तर चढ शेकडा पाच ते नऊ, दोन असल्या तर नऊ ते तेरा, तीन असल्या तर त्याहून कडक, आणि टोक नेहमी चढाच्या दिशेला असते. ज्या रस्त्याच्या कडेने हिरवी रेघ ओढलेली असते तो निसर्गशोभेचा. या कंपनीचा आणि सायकलीचा संबंधही जुना आहे. १८९१ साली पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत पॅरिसला येण्याची जी पहिली प्रचंड शर्यत झाली, ती शार्ल तेरों याने मिशेलिन बंधूंच्या नव्या, चाकावरून काढता येणाऱ्या हवेच्या टायरांवर जिंकली. आणि १९१० सालापासून हीच कंपनी हे नकाशे काढू लागली.

शर्यतीविना, केवळ देश पाहण्यासाठी सायकल चालवण्याची जी परंपरा फ्रान्समध्ये रुजली, तिचा आद्य प्रवर्तक सेंत-एतियेन या औद्योगिक शहरात राहत होता. पॉल द विवी हे त्याचे नाव. लोक त्याला वेलोसिओ म्हणत. १८५३ साली जन्मलेल्या या गृहस्थाने १८८७ साली सायकलविषयक नियतकालिक काढले, आणि चढावर एक गिअर व सपाटीवर दुसरा असावा, हा विचार आयुष्यभर आग्रहाने मांडला. आज हे कोणाला नवल वाटणार नाही. पण त्या काळी गिअर बदलणे हे दुर्बळांचे लक्षण मानले जाई, आणि १९०३ साली सुरू झालेल्या टूर द फ्रान्स या शर्यतीत तर साखळी एका दातेरी चाकावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या यंत्रास १९३७ पर्यंत मज्जाव होता. शर्यतीच्या चालकांना मनुष्याचे क्लेश पाहायचे होते आणि वेलोसिओला मनुष्य दूरवर जाऊन प्रसन्न चित्ताने परत यायला हवा होता. या वादात काळाने निकाल कोणाच्या बाजूने दिला हे आजची प्रत्येक सायकल सांगते. वेलोसिओ शाकाहारी होता. बदक आणि हंस यांच्या मांसासाठी प्रसिद्ध असलेल्या गॅस्कनीत जाण्यास बिचकणाऱ्या आपल्याकडच्या शाकाहारी वाचकांनी हे ध्यानात ठेवावे. पाव, चीज, फळे आणि अक्रोड यांवर तेथे दिवस उत्तम जातो.

हा छंद सामान्य जनतेत पसरला तो १९३६ साली. त्या वर्षी सत्तेवर आलेल्या लोकआघाडीच्या सरकारने कामगारांना पगारासह दोन आठवड्यांची रजा कायद्याने दिली, आणि ज्यांनी आपल्या कारखान्याच्या गावाबाहेरचा देश कधी पाहिला नव्हता अशी जोडपी टँडेम सायकलींवर तंबू बांधून समुद्राकडे आणि डोंगरांकडे निघाली. खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसांना सायकलस्वाराविषयी जो सहज जिव्हाळा वाटतो, त्याच्या मुळाशी ही स्मृती असावी असे मला वाटते. अनोळखी माणसाने आधी ‘बोंजूर’ म्हणावे, एवढीच तेथे अपेक्षा असते. मग पाण्याची बाटली भरून मिळते आणि पुढच्या चढाची खरी हकीकतही.

पाण्याची गोष्ट किरकोळ समजू नये. लोकवस्ती विरळ झाली तसे खेड्यातले कॅफे आणि पावाच्या भट्ट्या बंद पडत गेल्या. ज्या उरल्या त्या दुपारी बारानंतर दोन-तीन तास दार लावतात, आणि सोमवारी बहुधा उघडतच नाहीत. तेव्हा शिधा सकाळीच घ्यावा. पाण्यासाठी गावाबाहेरच्या दफनभूमीत फुलझाडांसाठी ठेवलेला नळ असतो, तो अनुभवी सायकलस्वारांचा जुना आधार; पाणी पिण्यास अयोग्य असल्याची पाटी नाही हे पाहून, आणि त्या जागेचा मान राखून, बाटली भरून घ्यावी. मोटारचालकाने गावाबाहेर सायकलीला ओलांडताना दीड मीटर अंतर राखावे असा कायदा आहे, आणि ग्रामभागात तो बहुतांशी पाळला जातो. आपल्याकडून गेलेल्यांनी एक नियम मात्र नीट शिकून घ्यावा: जेथे दुसरी खूण नाही तेथे उजवीकडून येणाऱ्या वाहनाला प्रथम जाऊ द्यावयाचे असते, मग ते वाहन कितीही लहान गल्लीतून येत असो. उन्हाळ्यात डागडुजीसाठी डांबरावर बारीक खडी पसरतात; तसली पाटी दिसली की उतारावर वेग आवरावा. ऋतूंमध्ये मे-जून आणि सप्टेंबर उत्तम. सूर्यफुले पाहायची तर जुलै, पण तेव्हा ऊन सोसावे लागते.

मोटाररहित असे वेगळे सायकलमार्गही फ्रान्सने अलीकडे पुष्कळ केले आहेत. बुर्गोन्य प्रांतात जिव्री ते क्लुनी या बंद पडलेल्या रेल्वेच्या मार्गावर १९९७ साली असा एक मार्ग झाला, आणि लहान मुले बरोबर असतील तर त्यासारखी सुखाची वाट नाही. परंतु रेल्वेची आखणी डोंगर टाळते आणि गावांना बगल देते. पांढरा ग्रामरस्ता प्रत्येक चढाला, प्रत्येक शेतघराला आणि प्रत्येक चर्चला भेटत जातो. निवड करायची झाली तर मी ग्रामरस्ताच निवडीन.

या साऱ्याशी महाराष्ट्राचा एक प्रत्यक्ष धागा आहे. १८९१ सालची ती पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस शर्यत आज स्पर्धा म्हणून उरलेली नाही. दर चार वर्षांनी, सुमारे १,२०० किलोमीटर अंतर नव्वद तासांच्या आत पुरे करण्याचा तो एक सहनशक्तीचा सोहळा झाला आहे. त्यासाठी आधी २००, ३००, ४०० व ६०० किलोमीटरांच्या सफरी पुऱ्या कराव्या लागतात. मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर येथे शनिवार-रविवारी रात्रंदिवस सायकल चालवणारी जी मंडळी आपल्याला महामार्गावर दिसतात, त्यांच्या सफरींवर शिक्कामोर्तब होते ते पॅरिसमधल्या जुन्या ओदाक्स क्लबकडून. त्या १,२०० किलोमीटरांच्या वाटेवर एकही उंच घाट नाही, तरी एकूण चढ १२,००० मीटरांच्या घरात जातो. कारण पर्श आणि ब्रिटनी हे प्रदेशही गॅस्कनीप्रमाणेच अखंड वरखाली होणारे आहेत. खेड्यांतली कुटुंबे मध्यरात्रीसुद्धा अंगणात टेबल मांडून येणाऱ्याजाणाऱ्याला कॉफी आणि पाणी देतात, आणि त्या आतिथ्याचे वर्णन परतलेले मराठी सायकलस्वार भरल्या मनाने करतात.

पण घड्याळाशी बांधलेल्या त्या प्रवासात हा देश बहुतांशी अंधारात आणि अर्धवट झोपेत मागे पडतो. यापुढची सफर २०२७ च्या ऑगस्टमध्ये आहे. तिच्यासाठी जाणाऱ्या आपल्या मंडळींना माझी विनंती अशी की, त्यांनी परतीचे तिकीट दोन आठवड्यांनी पुढे ढकलावे, सप्टेंबर लागेपर्यंत विश्रांती घ्यावी, आणि वेळेचा हिशेब बाजूस ठेवून याच सायकलीवर जेर्समध्ये फिरावे. तूलूझहून ओश या जिल्ह्याच्या ठाण्याला जाणारी स्थानिक रेल्वेगाडी दीड तासाच्या आसपास वेळ घेते, आणि जागा असेल तर तिच्यातून सायकल नेता येते.